तीन प्रश्न, एक सर्टिफिकेट

ऑगस्ट १९६८मध्ये मुंबई पोलिसांनी रामन राघवला पकडलं. तोपर्यंत उपनगरांतल्या झोपड्यांमध्ये आणि पदपथांवर झोपणारी माणसं कित्येक रात्री जागून काढत होती. झोपेतल्या माणसाचं डोकं ठेचणारा हा कोण, हे शहराला कळत नव्हतं. खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या मनाच्या अवस्थेचा प्रश्न आलाच. मुंबईच्या पोलीस सर्जननी महिनाभराहून अधिक काळ त्याचं निरीक्षण केलं आणि तो मनोविकल नसल्याचं मत दिलं. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं होतं की या माणसाला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली आणि अपील करायला तो तयार नव्हता.

फाशीवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. मंडळ त्याला पाच वेळा भेटलं आणि प्रत्येक भेटीत सुमारे दोन तास बोललं. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्यानं तो घेतला नाही. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना स्पर्श करणार नाही, असं त्यानं सांगितलं. मंडळाचं निदान बचाव पक्षाच्या तज्ज्ञाशी जुळलं. पुढे फाशीची जन्मठेप झाली, तो येरवड्यात राहिला आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला.

या प्रकरणावर दोन चित्रपट झाले. त्याच्या क्रौर्याच्या कथा अजून सांगितल्या जातात, त्या मंडळाच्या कामाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. महिनाभराच्या पहाऱ्यात जे दिसलं नाही ते दहा तासांच्या बोलण्यात का दिसलं? पक्क्या भ्रमांच्या आधारे जगणारा माणूस वेळेवर जेवतो, झोपतो, नाव-गाव नीट सांगतो, वॉर्डात दंगा करत नाही. त्याच्या भ्रमाच्या जगात शिरण्यासाठी त्याच्यासमोर बसून त्याच्याच तर्कानं बोलत राहावं लागतं. न्यायालयाच्या आदेशानं होणाऱ्या मानसिक तपासणीचा हा पहिला धडा मुंबईनं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी घेतला होता. तो आपण पुढे नेला का, हे या लेखात पाहायचं आहे.

गुन्हा गंभीर असेल आणि आरोपी मनोरुग्ण असल्याची शंका असेल, तर न्यायालयाला डॉक्टरकडून तीन वेगळ्या गोष्टी कळायला हव्या असतात. गुन्ह्याच्या क्षणी याचं मन कसं होतं? आज खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करण्याइतकं ते ठिकाणावर आहे का? आणि उद्या हा माणूस पुन्हा कुणाच्या जिवावर उठेल का? पहिला प्रश्न भूतकाळाचा, दुसरा वर्तमानाचा, तिसरा भविष्याचा. तिन्हींची तपासणी वेगळी, पुरावा वेगळा आणि उत्तरातली खात्रीही वेगळी. आपल्याकडे मात्र तिन्ही प्रश्न बहुधा एकाच कागदावर येऊन पडतात. कैद्याला पोलीस बंदोबस्तात रुग्णालयात आणलं जातं आणि तो 'फिट' किंवा 'अनफिट' असा शेरा घेऊन परत जातो. माझा आक्षेप मुख्यतः या सरमिसळीला आहे.

पहिल्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर १८४३च्या लंडनमधून आलं. डॅनियल मॅकनॉटन या लाकूडकाम करणाऱ्या माणसाला सत्ताधारी टोरी पक्ष आपल्या मागे लागल्याचा भ्रम होता. पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यानं पीलच्या सचिवाला गोळी घातली. ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, इंग्लंड खवळलं, आणि लॉर्ड्स सभागृहानं न्यायाधीशांकडून या बाबतीतला नियम वदवून घेतला. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ त्याच घडणीचं आहे. आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे, मनोविकलतेमुळे ज्याला कळू शकत नव्हतं त्याचं कृत्य गुन्हा नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये हाच नियम जवळजवळ तसाच आहे. हा नियम फक्त आकलनाबद्दल विचारतो. कळत असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्याला त्यात जागा नाही.

नियम जुना असला तरी खरी अडचण पुराव्याची आहे. डॉक्टर आरोपीला भेटतो ते गुन्ह्यानंतर काही आठवड्यांनी, अनेकदा वर्षांनी. मधल्या काळात तुरुंगात औषधं सुरू झालेली असतात किंवा आजार आणखी बळावलेला असतो. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली गुजरातच्या एका प्रकरणात आखून दिलेली दिशा आजही उपयोगी पडते: गुन्ह्याआधीची, गुन्ह्यावेळची आणि गुन्ह्यानंतर लगेचची वागणूक एकत्र पाहा. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, पण तो दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराइतकाच. शंकेपलीकडची सिद्धता त्याच्याकडून मागता येत नाही.

ही दिशा कशी वापरायची हे महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात दिसलं. १९९४ साली त्यानं घरात पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी ठरवलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला कलम ८४चा लाभ दिला. त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता. त्याच्यावर गुन्ह्याआधीपासून उपचार चालू होते आणि गुन्ह्यानंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. गुन्हा लपवण्याचा किंवा पळून जाण्याचा प्रयत्न त्यानं केला नव्हता, आणि दिलेलं कारण अगदीच तकलादू होतं. या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तेव्हा चित्र उभं राहिलं.

तो सरकारी नोकरीत होता आणि त्याची रुग्णालयात नोंद होती, ही गोष्ट विसरू नये. गावाकडे ज्याचं मन बिघडतं त्याला आधी देवऋष्याकडे, मग एखाद्या देवस्थानात किंवा दर्ग्यावर नेतात. त्याचा केसपेपर कुठेच नसतो. न्यायालय विचारतं, आजाराचा वैद्यकीय पुरावा काय? उत्तर नसतं. हा पुरावा माणसांच्या आठवणीत असतो. तो रात्री एकटाच कुणाशी बोलायचा, घरचं जेवण विष आहे म्हणून टाकायचा, त्यानं दुकानात जाणं सोडलं होतं, हे शेजाऱ्यांना आणि आईला माहीत असतं. कुणीतरी गावी जाऊन ते टिपून आणावं लागतं. हे काम मनोसामाजिक कार्यकर्त्याचं आहे, आणि न्यायालयीन तपासणीत तो आपल्याकडे बहुतेक वेळा नसतोच.

पुरेसा वेळ आणि भरपूर साधनं असली तरी एकमत होईल असं नाही. २०११ साली नॉर्वेत एका माणसानं ७७ जणांचा बळी घेतला. न्यायालयानं नेमलेल्या पहिल्या दोन तज्ज्ञांनी तो गुन्ह्याच्या वेळी सायकोसिसमध्ये होता असं म्हटलं, नंतर नेमलेल्या दोघांनी नव्हता असं. न्यायालयानं दुसरं मत स्वीकारलं. इतका प्रगत देश इतका गोंधळला, अशी टीका झाली. मला मात्र त्यात त्या व्यवस्थेची ताकद दिसते. दोन्ही अहवाल सविस्तर होते, तज्ज्ञांची उघड न्यायालयात उलटतपासणी झाली, आणि निर्णय डॉक्टरांनी नव्हे, न्यायाधीशांनी कारणं देऊन केला.

दुसरा प्रश्न दिसायला सोपा आहे, पण त्यात माणसं सर्वाधिक हरवली ती आपल्याच देशात. आसाममधल्या एका तरुणाला १९५१ साली अटक झाली. मन ठिकाणावर नाही म्हणून त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ साली तिथल्या डॉक्टरांनी तो बरा असल्याचं लिहून दिलं. मग त्याला घरी सोडायचं किंवा खटला चालवायचा, तर त्याला पुन्हा तुरुंगात नेऊन ठेवलं. तो सुटला २००५ साली. ५४ वर्षं गेली, खटला कधी चाललाच नाही. मानवी हक्क आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि देशभरात असे कैदी शोधण्याचे आदेश निघाले. या माणसावर कुणी क्रौर्य केलं असं म्हणता येत नाही. त्याची फाइल दोन खात्यांच्या मधे पडली होती, आणि ती पुन्हा उघडणं हे कुणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं.

कायदा त्यानंतर सुधारला. २००८च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणला. त्याचं मत पटलं नाही तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा प्रमुख आणि वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक यांच्या मंडळाकडे अपील करण्याची सोय झाली. हीच चौकट आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७पासून पुढे आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं असं सांगितलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९७२ सालीच आणखी पुढची गोष्ट सांगितली होती. एका मूकबधिर, बौद्धिकदृष्ट्या अक्षम माणसाच्या प्रकरणात ते म्हणालं की खटल्यासाठी सक्षम होण्याची शक्यताच नसेल, तर केवळ त्या कारणासाठी माणसाला बेमुदत अडकवता येणार नाही. तपासणी करणाऱ्यानं म्हणूनच 'सध्या अनफिट' एवढं लिहून थांबू नये. उपचारांनी किती काळात काय फरक पडेल, आणि पडणार नसेल तर तसं, हेही त्यानं लिहायला हवं.

सगळ्यात अवघड आहे तिसरा प्रश्न. 'हा पुन्हा करेल का?' हा प्रश्न पीडितेच्या आईच्या मनात असतो, न्यायाधीशांच्या आणि वर्तमानपत्राच्या वाचकाच्याही. तो विचारणं चूक नाही. पण त्याचं उत्तर देण्यात वैद्यकशास्त्राची कुवत किती, याचा इतिहास नम्र करणारा आहे.

१९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्क राज्यातल्या एका कैद्याच्या बाजूनं निकाल दिला. शिक्षा संपल्यावरही 'धोकादायक मनोरुग्ण' म्हणून त्याला डांबून ठेवलं होतं. त्या निकालामुळे कडेकोट बंदोबस्तातले साडेनऊशेहून अधिक रुग्ण साध्या रुग्णालयांत हलवावे लागले. कर्मचारी धास्तावले होते. संशोधकांनी पुढे काही वर्षं या सगळ्यांचा माग ठेवला. बहुसंख्य लोकांनी कुणालाही इजा केली नाही, आणि कडेकोट रुग्णालयात परत न्यावे लागले ते अगदी थोडे. याचा अर्थ शेकडो माणसं चुकीच्या भाकितावर वर्षानुवर्षं कोंडलेली होती.

तरीही टेक्सासच्या एका खटल्यात आरोपीला कधीही न भेटलेल्या मानसोपचारतज्ज्ञानं, तो पुन्हा हिंसा करणारच, असं ज्यूरीला ठामपणे सांगितलं. अशी दीर्घकालीन भाकितं तीनातून दोनदा चुकतात, असं अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं स्वतःहून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. न्यायालयानं १९८३ साली ती साक्ष तरीही ग्राह्य धरली आणि पुढच्या वर्षी त्या माणसाला मृत्युदंड दिला गेला. जेम्स ग्रिगसन नावाच्या त्या डॉक्टरनं अशा बऱ्याच खटल्यांत साक्ष दिली होती. संघटनेनं त्याला १९९५ साली काढून टाकलं.

त्याच सुमारास पद्धत बदलत होती. कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली एचसीआर-२० ही पद्धत मांडली. तिच्यात भूतकाळातले दहा, सध्याच्या अवस्थेतले पाच आणि पुढच्या परिस्थितीतले पाच असे वीस मुद्दे तपासायचे असतात, आणि अखेरचं मत तज्ज्ञानं विचार करून द्यायचं असतं. यातले शेवटचे दहा मुद्दे मला सर्वाधिक मोलाचे वाटतात, कारण ते बदलता येतात. बालपण आता कुणी दुरुस्त करू शकत नाही. दारू सुटली का, औषध वेळेवर मिळेल का, घरी परतल्यावर कोण असेल, यावर मात्र काम करता येतं. अशा साधनांच्या अचूकतेचा एक मोठा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७३ नमुन्यांतल्या २४,८२७ माणसांची माहिती होती. 'धोका कमी' म्हटलेल्यांपैकी शंभरात ९१ जणांनी खरोखर हिंसा केली नाही. 'धोका जास्त' म्हटलेल्यांपैकी शंभरात ४१ जणांनीच केली. तेव्हा सुटकेचा विचार करताना ही साधनं उपयोगी आहेत. केवळ त्यांच्या आधारानं कुणाला आयुष्यभर कोंडायचं म्हटलं, तर निम्म्याहून अधिक वेळा आपण चुकू.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण अशा लेखांमुळे घराघरांतल्या रुग्णांवर संशयाची सावली पडते. स्वीडनमध्ये तेरा वर्षांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या तेव्हा एकूण हिंसक गुन्ह्यांपैकी गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांशी जोडता येईल असा वाटा ५.२ टक्के निघाला. उरलेली जवळजवळ सगळी हिंसा इतरांची. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात, दारू-अमली पदार्थांचं व्यसन नसलेले नुकतेच घरी सोडलेले रुग्ण त्यांच्याच वस्तीतल्या व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक आढळले नाहीत. न्यायालयापुढे येणारा अतिधोकादायक मनोरुग्ण हा विरळा माणूस आहे. त्याच्यासाठीची व्यवस्था काटेकोर हवी, पण तिचं माप सगळ्या रुग्णांना लावता येत नाही.

काटेकोर व्यवस्था कशी असते? स्कॉटलंडमध्ये गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मनोरुग्णाला शिक्षा ठरवण्यापूर्वी रुग्णालयात ठेवून पाहण्याचा अंतरिम आदेश देता येतो. तो मुदत वाढवत जास्तीत जास्त वर्षभर चालतो. उपचारांना मन प्रतिसाद देतं का, आजार आणि हिंसा यांचा खरंच संबंध आहे का, हे घाईनं कळत नाही, याची ती कबुली आहे. नेदरलँड्समधल्या पीटर बान केंद्रात आरोपी काही आठवडे गटानं राहतो. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, त्याच्या कुटुंबात आणि वस्तीत जाऊन माहिती आणणारा कार्यकर्ता आणि रोज त्याच्यासोबत वावरणारे कर्मचारी मिळून मत बनवतात. तिथेही पेच आहे. आरोपीनं तोंड उघडायला नकार दिला तर? एका बलात्काऱ्यानं तपासणीला सहकार्य केलं नाही, म्हणून त्याला सक्तीच्या उपचारांची शिक्षा झाली नाही. शिक्षा संपत आलेली असताना, २०१७ साली, त्यानं एका तरुणीचा खून केला. देश हादरला, आणि नकार देणाऱ्यांचे जुने वैद्यकीय कागद मागवता यावेत असा कायदा २०१९मध्ये लागू झाला.

गप्प राहण्याचा अधिकार आणि लोकांची सुरक्षितता यांच्यातली ही ओढाताण आपल्याकडे फारशी चर्चेतच आलेली नाही. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं. पण न्यायालयानं पाठवलेल्या कैद्याला, 'मी तुझा डॉक्टर म्हणून बसलेलो नाही, तू जे सांगशील ते न्यायालयात जाईल', हे तपासणीपूर्वी त्याच्या भाषेत सांगायलाच हवं अशी शिस्त आपल्याकडे अजून रुजलेली नाही. त्याच वॉर्डातला डॉक्टर सकाळी त्याला गोळ्या देतो आणि दुपारी त्याच्याबद्दल अहवाल लिहितो. या दोन भूमिका एका माणसावर टाकणं रुग्णावर अन्यायाचं आहे आणि डॉक्टरवरही.

भारतीय कायद्यात तिसरा प्रश्न नाही असं मात्र समजू नये. फाशी द्यावी का, हे ठरवताना आरोपी समाजाला सतत धोका ठरेल का आणि तो सुधारू शकेल का, हे पाहा, आणि तो सुधारणार नाही हे सरकारनं पुराव्यानिशी दाखवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८०च्या बच्चन सिंग निकालात म्हटलं. चाळीस वर्षं हा पुरावा जवळजवळ कुणी दिलाच नाही. 'गुन्हा इतका अमानुष की सुधारणा अशक्य' हे वाक्य पुराव्याच्या जागी लिहिलं जात राहिलं. २०१९ साली महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात, त्याचं नाव गुप्त ठेवून, न्यायालयानं शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळण्याचं कारण ठरू शकतो असं सांगितलं. २०२२ साली, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल खटल्याच्या पातळीवरच मागवावा, असं बजावलं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९-अ या गटानं फाशीच्या ८८ कैद्यांना तपासलं, तर ६२.२ टक्के जणांना किमान एक मानसिक आजार निघाला. यातल्या किती जणांकडे खटल्याच्या वेळी कुणी नीट पाहिलं असेल?

निर्णय चांगले आहेत, हात कमी आहेत. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. आकडा ०.७५ असा सांगतात, आणि त्यातले न्यायवैद्यक काम शिकलेले मूठभर. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथले डॉक्टर शेकडो रुग्ण सांभाळून न्यायालयाची पत्रं निकाली काढतात. बाह्यरुग्ण विभागात ताटकळणारी रांग सोडून कैद्यासमोर दहा तास बसायला त्यांना सांगायचं, तर त्यांची जागा कोण घेणार? प्रत्येक विभागासाठी एक स्वतंत्र न्यायवैद्यक मनोविकार पथक, त्यात एक मनोसामाजिक कार्यकर्ता, आणि ते पथक उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून वेगळं: एवढ्यापासून सुरुवात करता येईल. गंभीर गुन्ह्यांत अशा तपासण्या संख्येनं फार नसतात, त्यामुळे ही मागणी राज्याला परवडण्यापलीकडची नाही.

निर्दोष सुटलेल्यांचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सतावतो. मनोविकलतेच्या कारणावरून सुटलेल्याला सुरक्षित ठिकाणी ठेवावं किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या हवाली करावं, असं कायदा सांगतो. इंग्लंडमध्ये अशा माणसाला सोडताना अटी असतात, नेमलेला डॉक्टर आणि सामाजिक पर्यवेक्षक असतो, आणि आजार उलटला तर परत बोलावण्याची सोय असते. आपल्याकडे नातेवाईक म्हणजे बहुधा म्हातारी आई किंवा भाऊ. अनेकदा मारली गेलेली व्यक्तीही त्याच घरातली असते. हमीपत्रावर भाऊ सही करतो. पण महिन्याचं इंजेक्शन चुकलं तर कुणाला फोन करायचा, तालुक्याच्या रुग्णालयात ते औषध आहे का, तो पुन्हा रात्री जागू लागला, घरचं अन्न विष आहे म्हणू लागला तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे त्या भावाला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या तज्ज्ञानं त्याला तपासलं, त्याला ही धोक्याची लक्षणं नेमकी ठाऊक असतात. न्यायाधीशांनी तपासणीच्या आदेशातच एक ओळ वाढवून ती लक्षणं, औषधाची जागा आणि जबाबदार माणसाचं नाव मागितलं, तर अहवालात ते यायलाच हवं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.